मांडवीकाठची लाल मोटार

२०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन चालू असताना आमच्या गावची चाळीसएक मंडळी तिकडे निघाली, त्यांत आम्हीही होतो. दर्शन आटोपल्यावर मंडळी समुद्रकिनाऱ्याकडे वळली. आम्ही मात्र दोन दिवस पणजीत मागे राहिलो. एक तर पणजी आम्हांस आवडते. दुसरे, डिचोलीस एका जुन्या शेजाऱ्याची भेट घ्यावयाची होती. ती भेट आणि तेथून पणजीस परत येतानाचा प्रवास यांविषयी वाचकांस चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

पणजीत उतरलेल्या माणसाने पहिल्या संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालावे. मागे टेकडीच्या उतारावर शुभ्र चर्च आणि नागमोडी वळत वर जाणाऱ्या तिच्या पायऱ्या. पुढे आदिलशाही राजवाडा. आणि समोर ती रुंद, संथ नदी, पलीकडे बेतीचा किनारा. २००९ साली आम्ही याच काठावर बसलो होतो, तेव्हा नदीला क्षणाची उसंत नव्हती. लाल मातीने काठोकाठ भरलेल्या बार्जी एकामागून एक समुद्राकडे जात. ओझ्याने इतक्या दबलेल्या की पाणी आता आत शिरते की काय अशी भीती वाटावी. रिकाम्या झालेल्या बार्जी उंच होऊन, पोट दाखवीत परत येत. एका तासात आम्ही वीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणे सोडून दिले. या खेपेस तेवढ्याच वेळात दोन दिसल्या. नदीत आता कॅसिनोची जहाजे नांगर टाकून उभी असतात आणि दिवे लागले की पाण्यावर रंगीबेरंगी पट्टे उमटतात. मुले ते पाहून हरखतात. आम्हांस ते फारसे रुचले नाही, असो.

ती लाल माती म्हणजे लोखंडाचे खनिज. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून ते निघे, ट्रकांतून नदीच्या धक्क्यावर येई, बार्जीतून मुरगाव बंदरास जाई आणि तेथून मोठ्या जहाजांत चढे. पोर्तुगीज अमलातच हा धंदा भरभराटीस आला. त्या परकीय चलनावर १९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी माल मुबलक येई, मोटारीदेखील. पुढे या शतकाच्या आरंभी चीनची भूक वाढली. पूर्वी कोणी हात न लावलेल्या हलक्या प्रतीच्या मालासही गिऱ्हाईक मिळू लागले आणि २०१०-११ साली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. डिचोलीच्या घरोघरी ट्रक आले ते याच काळात.

आमचे मित्र त्याआधी वसईत एका कारखान्यात कामास होते व आमच्याच आळीत भाड्याने राहत. तो कारखाना बंद पडला, तेव्हा ते गावी परतले. पहिला ट्रक त्यांनी २००८ साली घेतला. २०१० पर्यंत तीन झाले. काही पैसा बँकेचा होता, काही एका पतसंस्थेचा. २०११ साली त्यांनी आम्हांस एक छायाचित्र पाठविले होते. त्यात तिन्ही ट्रक मागे आणि पुढे एक चिमुकली लाल मोटार, टप खाली केलेला, आत गॉगल घातलेले आमचे मित्र! सॅन स्टॉर्म नावाची, भारतात बनलेली, दोनच आसनांची ती मोटार. अंग फायबरचे, इंजिन फ्रेंच रेनोचे, जेमतेम साडेअकराशे सीसीचे. तिसऱ्या माणसाने बसावयाचे म्हटले तर जागा नाही. त्यांच्या घरी त्या वेळी सहा माणसे होती. छायाचित्र पाहून आम्ही हसलो होतो, हे कबूल करतो.

पुढच्याच वर्षी, २०१२ च्या सप्टेंबरात, न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा उपशामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले असे आयोगाने म्हटले. राज्य सरकारने खाणी थांबविल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. २०१४ च्या एप्रिलात ती उठली, परंतु वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा पडली. आणि तोवर खनिजाचा जागतिक भावही कोसळू लागला होता. अखेर २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून सारे पुन्हा ठप्प झाले.

आम्ही कदंबच्या बसने डिचोलीस पोहोचलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. डिचोली आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा, अठराव्या शतकात आले. त्यामुळे येथे मराठी पाट्या, मराठी भजने; वसईच्या माणसास परके वाटत नाही. मित्रांच्या अंगणात ट्रक नव्हते. कोपऱ्यात मेणकापडाखाली काहीतरी ठेंगणे झाकून ठेवले होते, ते काय असावे हे आम्ही ओळखले.

रात्री जेवणाआधी सोप्यावर शेजारची तीन-चार माणसे येऊन बसली. विषय निघायला वेळ लागला नाही. हे सर्व कोणी केले? एकाने न्यायालयाचे नाव घेतले. दुसऱ्याने अर्ज घेऊन न्यायालयात जाणाऱ्या पर्यावरणवाद्यांना बोल लावला. तिसरा म्हणाला, “खाणवाल्यांनी हावरटपणा केला. पन्नास वर्षे पुरली असती ती माती दहा वर्षांत उपसली.” मंत्र्यांची पाळी आली, मग चीनची. एक तरुण म्हणाला की वृत्तपत्रवाल्यांनी राईचा पर्वत केला. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते, म्हणून तर ते वाद संपत नाहीत. यजमानांच्या आई दाराच्या आत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “आपली विहीर आटली त्या वर्षी यांतला एकही बोलायला आला नाही.” सोप्यावर सगळे गप्प झाले.

विहिरीचे खरे आहे. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की खड्ड्यातले पाणी रात्रंदिवस पंपाने बाहेर काढावे लागते आणि भोवतालच्या विहिरी कोरड्या पडतात. पावसाळ्यात टाकाऊ मातीचे ढिगारे वाहून शेतांत उतरतात. यजमानांच्या थोरल्या बंधूंच्या भाताच्या खाचरात असाच लाल गाळ बसला, पीक गेले. ट्रक धाकट्याचे, शेत थोरल्याचे, आणि दोघांची आई एक. त्यातून पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले होते तेही थोरलेच. बंधूंनी एकदा अंगणात उभे राहून म्हटले होते, “माझ्या शेतात तुझी माती, तुझ्या दारात तांबडी मोटार.” त्यानंतर दोघे बोलले नाहीत. हे २०१३ साली.

शेजारी उठून गेल्यावर यजमानांनी पुढची हकिकत सांगितली. दोन ट्रक २०१६ पर्यंत गेले, तिसरा २०१९ साली भंगाराच्या भावाने. सरकारने ट्रकवाल्यांसाठी मदतीच्या व कर्जसवलतीच्या योजना काढल्या, त्यांतून बँकेचे ओझे कसेबसे उतरले, पतसंस्थेचे राहिले. मग त्यांनी एका हॉटेलची गाडी चालविली, ती नोकरी २०२० च्या महामारीत गेली. २०२३ च्या जानेवारीत पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा टॅक्सी घालावी असा विचार त्यांनी केला. पण ज्यांच्या जमिनी तेथे गेल्या त्या पेडणेकरांनी साहजिकच पहिला हक्क सांगितला. शेवटी विमानतळावर एका कंत्राटदाराकडे सामान हलविण्याचे काम मिळाले. रोज स्कूटरने जाऊन येऊन. कंत्राट अकरा महिन्यांचे. जानेवारीत संपते, पुढचे कोणी सांगत नाही.

“मग ही मोटार इतकी वर्षे का ठेवली?” आम्ही विचारले. प्रश्न तोंडातून गेल्यावर आम्हांस थोडे ओशाळे वाटले.

“मास्तर, ट्रक पोटासाठी घेतले होते, पोटासाठी विकले. ही कशासाठी घेतली ते मलाच ठाऊक नाही, मग विकायची कशासाठी?” थोड्या वेळाने ते म्हणाले, “उद्या पणजीला नेऊन द्यायची आहे. तुम्हालाही जायचेच आहे. एक जागा रिकामी आहे.”

कारण आम्हांस त्यांच्या आईंनी सकाळी चहा देताना सांगितले. थोरल्या बंधूंच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. त्यासाठी कर्ज हवे होते आणि वडिलांच्या डोक्यावर भावाची जामीनकी असल्यामुळे बँक पुढे सरकेना. बंधूंनी याविषयी धाकट्यास एक शब्द सांगितला नव्हता. आईने सांगितला.

मेणकापड काढले तेव्हा मोटारीचा रंग जागोजागी फिका पडलेला दिसला. आसनाच्या शिवणीत अजून लाल धूळ होती. इंजिन मात्र दुसऱ्या खेपेस सुरू झाले. आम्ही म्हापशाच्या हमरस्त्याने न जाता मयेंवरून चोडण बेटाकडे निघालो. मयेंचे तळे सकाळच्या धुक्यात होते. वाटेत खनिजाचे ट्रक भेटले. कारण २०२२ च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि डिचोलीची खाण २०२४ साली पुन्हा चालू झाली आहे. यजमानांनी प्रत्येक ट्रकास वाट दिली. एका चालकाने ओळखून हात केला. “माल पुन्हा चालू झाला,” ते म्हणाले, “आणि माझ्यापाशी ट्रक नाही. आता कोणाला दोष देऊ, सांगा.”

आम्ही काही सांगितले नाही. आमच्या वसईतही वाड्या व शेते विकून बंगले बांधलेली मंडळी पावसाळ्यात घरात पाणी शिरले की बिल्डरास, नगरसेवकास आणि शेजाऱ्यास शिव्या देतात. जमीन विकल्याचा दिवस कोणास आठवत नाही. आम्हीही एक तुकडा विकला आहे. दुसऱ्याच्या मोटारीत बसून त्यास शहाणपण शिकविणे आम्हांस जमले नाही.

चोडणच्या टोकाशी खारफुटीचे रान आहे, त्यातच पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य. तेथून फेरीबोट रायबंदरला जाते. माणसांस तिकीट नाही, मोटारीस थोडेसे पडते. उतारावरून बोटीत शिरताना ठेंगण्या मोटारीचे पोट घासेल अशी भीती होती, पण यजमानांनी ती तिरकी घालून अलगद आत घेतली. मग शाळेची मुले भोवती जमली. एकाने विचारले, “काका, ही किती पळते?” यजमान म्हणाले, “रस्ता असेल तेवढी.” नदीच्या मध्यावर एक रिकामी बार्ज वर येताना दिसली. ती पुढे जाईपर्यंत फेरीबोट थांबली आणि आम्ही सर्व तिच्याकडे पाहत राहिलो.

रायबंदर ते पणजी हा रस्ता पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात पाण्यातून बांध घालून काढला. सुमारे तीन किलोमीटरचा हा बांध आजही वाहतूक पेलतो. एका अंगास मांडवी, दुसऱ्या अंगास दलदल व मिठागरे. मिठागर दिसले की वसईकराचे पाय थबकतात. यजमानांनी मोटार हळू केली, आणि मग कसे कोण जाणे, टप खाली करून ती जरा वेगाने सोडली. वाऱ्याने आमची टोपी उडता उडता राहिली. तेरा वर्षांपूर्वीच्या त्या छायाचित्रास आम्ही का हसलो होतो, हे त्या दोन-तीन मिनिटांत आम्हांस आठवेना.

मोटार घेणारा तरुण फोंतेन्हासमध्ये राहतो. त्या पिवळ्या-निळ्या भिंतींच्या अरुंद गल्ल्यांतून मोठी गाडी नेणे कठीण. ही सुरेख गेली. तरुण जुन्या मोटारींचा शौकीन दिसला. त्याने बॉनेट उघडून इंजिनाकडे आदराने पाहिले, हे आम्हांस बरे वाटले. घासाघीस केली नाही. किंमत किती ठरली हे आम्ही विचारले नाही. कागदांवर सह्या झाल्यावर यजमानांनी हातमोज्यांच्या कप्प्यातून एक शिट्टी, दोन जुन्या पावत्या आणि देवीचा छोटा फोटो काढून घेतला व किल्ली दिली.

पतसंस्थेची शाखा चालत दहा मिनिटांवर होती. तेथे तासभर बसावे लागले. कारकुनाने आकडा दोनदा तपासला, शिक्का मारला आणि जामीनदार मुक्त झाल्याचे पत्र टंकून दिले. पत्रावर थोरल्या बंधूंचे पूर्ण नाव होते. यजमानांनी ते उभ्यानेच वाचले.

दुपार झाली होती. आम्ही दोघे पाटोवरच्या बसस्थानकापर्यंत चालत गेलो. “पत्र आईच्या हाती देणार काय?” आम्ही विचारले. ते म्हणाले, “नाही. तो संध्याकाळी कुळागरात पाणी सोडायला जातो. तिथे जाईन.” डिचोलीची बस लागलेलीच होती. ते आत चढले, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि वाहक आला तसे त्यांनी खिशातील घडी केलेले पत्र बाजूस सारून सुटे पैसे काढले.