उपस्थितांच्या सह्या

आमच्या कंपनीत वर्षातून दोनदा 'ग्रोथ'ची मीटिंग असते. मॅनेजर एक शीट उघडतो. त्यात कोडची क्वालिटी, टीमवर्क, ओनरशिप असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना 'व्हिजिबिलिटी'. म्हणजे तुम्ही काम करता हे ठीक, पण ते किती जणांना दिसतं? मागच्या वेळी मला सांगितलं गेलं की बाकी सगळं छान आहे, फक्त ऑनलाइन प्रेझेन्स वाढव. लिंक्डइनवर लिही, मीटअपमध्ये बोल, गिटहबवर हिरवे चौकोन दिसू देत. त्याच मीटिंगमध्ये प्रमोशन मिळालं आणि सोबत अट आली, आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात बसायचं.

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन मी पुण्याहून गडमुडशिंगीला आलो होतो. रूममेटला सांगितलं होतं, पंधरा दिवसांत येतो. त्याला आता सहा वर्षं झाली. येत्या मे महिन्यात परत निघायचंय. फ्लॅट बघून झाला, डिपॉझिट दिलं. पत्ता कुठंकुठं बदलायचा याची यादी केली, बँक, आधार, विमा, गाडी. त्या यादीतल्या एका ओळीवर मी दोन महिने अडलोय. मतदार यादी. फॉर्म ८. ॲपवर दहा मिनिटांचं काम आहे.

नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि तेही जिथं तुम्ही राहता तिथं. कायदा असं म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मत पुण्यात द्यायला माझी काही हरकत नाही. पण गावच्या यादीतून नाव निघालं की मताबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि आमच्या वयाच्या पोरांत तिचं नाव फारसं कुणी काढत नाही. ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो आपोआप ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. लॉगिन तर नाहीच.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरला अगदी चिकटून. एका अंगाला गांधीनगरचा कापडाचा होलसेल बाजार, दुसरीकडं उजळाईवाडीचा विमानतळ, त्यापलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी. विमानतळाच्या विस्तारासाठी आमच्या शिवारातली जमीन गेली. गच्चीवर उभं राहिलं की विमान उतरताना दिसतं आणि खाली दारात म्हशीची धार काढणं चालू असतं. असं गाव म्हणायचं की शहर, यावर कोल्हापुरात किती वर्षं भांडण चाललंय! महापालिका झाली १९७२ साली. तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. आजूबाजूची गावं नको म्हणतात, शहर हवं म्हणतं. २०१७ मध्ये मधला रस्ता म्हणून करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी प्राधिकरण आलं. भांडण तिथंच आहे.

या विषयावर सगळ्यात जोरात कोण बोलतं, तर आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. सगळी गावची पोरं. निम्मी पुण्यात, काही बेंगळुरूत, एक जण दुबईत. हद्दवाढीची बातमी आली की रात्री दीडपर्यंत मेसेज पडत राहतात. एकदा कुणीतरी पोल टाकला, 'हद्दवाढ हवी की नको'. धडाधड मतं पडली. मी सहज विचारलं, याचं आता पुढं काय करायचं? उत्तर आलं अंगठ्याचं. खरं उत्तर असं की काहीच करता येत नाही. व्हॉट्सॲपच्या पोलला जावक क्रमांक नसतो.

हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. फोनला मी कमी समजत नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला नेली, तेव्हा सगळा जिल्हा आधी फोनवर पेटून उठला. लोकांनी एका कंपनीची सिमकार्डं पोर्ट केली, दोन लाखांवर सह्या गोळा झाल्या, आणि ३ ऑगस्टला माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली. चालत! पुढच्या काही दिवसांत हत्तिणीला नेणाऱ्या संस्थेला नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवावी लागली. हत्तिणीच्या तब्येतीबद्दल कोर्टात जे मांडलं गेलं ते मला सहज झटकून टाकता येत नाही, त्यामुळं त्या आंदोलनाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडं आहे. पण स्क्रीनवरचा राग रस्त्यावर उतरून कागदावर सही करतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आणि याच्या उलटंही पाहिलंय. जून २०२३. काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून ७ तारखेला कोल्हापूर बंद, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद. त्या दिवशी आमचं एक रिलीज होतं. माझा हॉटस्पॉट मेला आणि मी कॉल करून बेंगळुरूच्या सहकाऱ्याला सांगितलं की आज मी नाही. त्यानं विचारलं, व्हॉट हॅपन्ड? चोवीस तास टिकणारं स्टेटस, दगड पडले दुकानांवर, आणि नेट गेलं सगळ्यांचंच. शाहू महाराजांच्या गावात हे झालं, हे त्याला कसं समजावायचं ते मला सुचलं नाही. 'सम लोकल इश्यू' म्हणून फोन ठेवला.

त्याच्या साधारण एक वर्ष आधी याच जिल्ह्यातून दुसरी एक गोष्ट व्हायरल झाली होती. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. मधे तेरा दिवस. आमच्या क्षेत्रात एका बटणाचा रंग बदलायला याहून जास्त वेळ लागतो.

देशभर बातम्या झाल्या, फोटो फिरले. पण व्हायरल व्हायच्या आधी तो एक ठराव होता. त्याला तारीख होती, सूचक होता, अनुमोदक होता, आणि खाली बसलेल्या माणसांच्या सह्या होत्या. म्हणून तो मुंबईपर्यंत जाऊ शकला. तेवढीच माणसं तेच वाक्य स्टेटसला ठेवून मोकळी झाली असती, तर चोवीस तासांनी ते गेलं असतं.

ठरावानं माणसं बदलतात असं मला वाटत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या आत्याचे यजमान गेले. दहाव्याला बायका जमल्या, बांगड्यांना हात लागला, तेव्हा आत्याची मुलगी मधे पडली. म्हणाली, "हेरवाडात बंद केलंय हे. सरकारनं कागद काढलाय." तिनं फोनवर तो कागद काढून दाखवला. एक म्हातारी म्हणाली, "सरकार येतंय व्हय आपल्या घरात?" पण हात थांबला. बांगड्या राहिल्या. कुंकू आत्यानं स्वतःहूनच परत लावलं नाही, आजपर्यंत नाही. तिला त्याबद्दल विचारायचं धाडस मला झालेलं नाही. पण त्या खोलीत एका मुलीला बोलायला जो आधार मिळाला, तो कुठल्यातरी दुपारी कुठल्यातरी गावात बसून राहिलेल्या लोकांनी तयार केला होता, हे डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी आमच्या ग्रामसभेला जायला लागलो. वर्षातून किमान चार सभा व्हायला लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. आत शिरलो तसे एक काका म्हणाले, "काय इंजिनिअर, वाट चुकला व्हय?"

"नाही काका, सही करायला आलोय."

"मग ह्याची आधी घ्या रं. तरण्या पोराची सही बघून लई दिस झालं."

एक जाड वही फिरते. वर लिहिलेलं असतं, उपस्थितांच्या सह्या. काही ठिकाणी सही, काही ठिकाणी अंगठा. ही वही म्हणजे नुसती औपचारिकता आहे असं मला आधी वाटायचं. मग नियम वाचले. सभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी नसली तर सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही! म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाहीत. जे वीस-पंचवीस लोक बसलेत ते घेतात आणि तो गावाचा निर्णय असतो. हा सिस्टीममधला बग आहे का? मला वाटतं नाही, नाहीतर कुठल्याच गावात काहीच मंजूर झालं नसतं. पण न येणाऱ्याच्या वतीनं काय होतं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

सभा कंटाळवाणी असते, हे कबूल. पंख्याचा आवाज, माइकची शिट्टी, एकाच्या बांधाचं भांडण अर्धा तास. एकदा एकानं वेशीवर मोठी कमान पाहिजे म्हणून लावून धरलं. मग भाऊसाहेबांनी समजावलं की वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा त्या वेळी पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, त्यातून कमान होत नव्हती. मी फोनवर ई-ग्रामस्वराज उघडून बसलो होतो. कुठल्याही गावाचा आराखडा आणि झालेला खर्च तिथं दिसतो, पासवर्ड लागत नाही. शेजारी बसलेल्या बचत गटाच्या वहिनींनी डोकावून विचारलं, "हे आमच्या फोनवर येतंय?" पुढचा तास आम्ही दोघांनी सभेकडं लक्षच दिलं नाही. वहिनींनी गटार हा शब्द कुठल्या ओळीत आहे ते माझ्या आधी शोधलं.

तिकडं ग्रुपवर मेसेज. "भावा, फोटो टाक की सभेचा."

"ये की बघायला."

"दुबईत हाय रं मी."

त्याचं बरोबर आहे. तो दुबईतून येणार नाही. आणि मे नंतर पुण्यातून मीही किती वेळा येईन, हे मला माहीत आहे. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर ठीक, नाहीतर साताऱ्याच्या पुढं हायवेवर लागलेल्या रांगेचं कारण तयारच असतं.

पुण्यातल्या मित्राचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, "सहा महिने तू आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी पिणार, आमच्या रस्त्यावर गाडी चालवणार आणि मत द्यायला कोल्हापूरला जाणार? मग इथं कोण भांडणार?" याला माझ्याकडं उत्तर नाही. भावना बाजूला ठेवली तर त्याचंच खरं आहे. जिथला कचरा आपण करतो, तिथल्या यादीत आपलं नाव असावं. पण शहरात गेल्यावर हातात काय राहतं, तेही मला दिसतं. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि यंदाच्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत पाच वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होते. तेवढ्या काळात शहरातल्या माझ्या मामाकडं वॉर्डातलं गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकही नव्हता. गावात मला वर्षातून चारदा उभं राहून विचारता येतं. उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न विचारल्याचं लिहून घ्यायला सांगता येतं. हद्दवाढीच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक घरफाळा, पाणी, केएमटीची बस यांबद्दल बोलतात. ही वही जाईल याबद्दल मी अजून कुणाला बोलताना ऐकलं नाही.

परवा आईला सांगितलं, नाव पुण्याला न्यावं लागेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ने की. राहणार तिथं, तर नाव तिथंच पाहिजे." मी म्हटलं, मग सभेत इथं कोण बसणार? तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आम्ही काय मेलोय व्हय?"

तिनं आजवर एकही सभा केलेली नाही. महिलांची वेगळी सभा नेहमीच्या सभेआधी असते, हे तिला बचत गटाच्या वहिनींकडून कळलंय, माझ्याकडून नाही. काल रात्री तिनं तिचा फोन माझ्यापुढं धरला आणि ते 'गटाराचं ॲप' टाकून मागितलं. स्टोरेज भरलेलं होतं. गुड मॉर्निंगचे चारेकशे फोटो एकेक करून डिलीट करत बसलो, ती मधेमधे "तो राहू दे" म्हणत होती. १ मेची सभा झाली की मी २ तारखेला निघणार. फॉर्म ८ पुण्यात जाऊन भरीन.