टर्की आणि कांदा



कालच्या पावसानं रानात वापसा नाही, म्हणून घरीच बसून होतो. इंग्लंडात नोकरीला असलेल्या पुतण्यानं तिकडच्या टीव्हीवरच्या खेळाचा व्हिडिओ पाठवला आणि सगळं समजावून सांगितलं. खेळाचं नाव 'फॅमिली फॉर्च्युन्स'. १९८० साली आयटीव्हीवर सुरू झाला, मधे खंड पडला तरी लोक विसरले नाहीत. मूळ अमेरिकेच्या 'फॅमिली फ्यूड'वरून घेतलेला.

दोन कुटुंबं, पाच-पाच माणसं. प्रश्न आधीच शंभर लोकांना विचारलेले असतात. उत्तर खरं का खोटं याला किंमत नाही. जितक्या लोकांनी ते सांगितलं तितके गुण.

मॅक्स बायग्रेव्हज हा खेळ चालवायचे तेव्हाची गोष्ट. शेवटच्या फेरीत वेळ थोडा, एक गडी गडबडला. समुद्रावर जाताना लोक काय नेतात? टर्की. दुकानात पहिलं काय घेतात? टर्की. सारण भरून काय करतात? टर्की! हे तिसरं तेवढं जुळलं. टर्की म्हणजे तिकडचा कोंबडीसारखा मोठा पक्षी.

पोट धरून हसलो. मग गप्प झालो. मी तरी दुसरं काय करतोय? खरिपाला काय? लाल कांदा. मागून काय? रांगडा. रब्बीला? उन्हाळ कांदा. तीन वर्षं एकच उत्तर.

आणि आपला खेळ उलटा आहे. तिथं शंभरातल्या चाळीस जणांचं उत्तर दिलं की चाळीस गुण. इथं शंभरातल्या चाळीस जणांनी तेच पीक लावलं की भाव बसतो. मागच्या साली माझी काढणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा निघालं नाही.

अजून एक नियम आवडला. एका कुटुंबाच्या तीन चुका झाल्या की दुसऱ्याला एक संधी. तेव्हा सगळे आपसात बोलतात, मगच म्होरक्या उत्तर देतो. आमची कारभारीण मागच्या सालीच म्हणत होती, "एक एकर हरभरा टाका." मी ऐकून घेतलं नाही.

काल रात्री सगळे बसलो. ठरलं, तीनपैकी एक एकर हरभरा. त्याच्या मुळावरच्या गाठी जमिनीला नत्र देतील, करप्याच्या रानाला पालटही होईल. पैसे किती होतील ते काढणीनंतर इथंच लिहीन, कमी झाले तरी.

तुमच्या घरी पेरणीआधी कोण कोण बोलतं? खरं सांगा.