एकतीस वर्षांनी सुरतदर्शन



या पानावर मी नेहमी निकाल, हजेरी आणि गणवेश यांविषयी लिहिते. या वेळी जरा वेगळे. (माझे बी.ए.पर्यंतचे सगळे शिक्षण इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. मध्येच हिंदी वळण आले तर मराठीच्या शिक्षकांनी लाल पेन बाजूला ठेवावे!)

डिसेंबरात माझा भाचा इंदूरहून आला. पाठीवर भली मोठी सॅक, आत आणखी एक छोटी सॅक आणि खिशात बेताचे पैसे. असाच फिरत फिरत त्याला गोव्यापर्यंत जायचे होते. सुरतेसाठी एकच दिवस, रात्री मुंबईची गाडी. सकाळी चहा घेताना त्याने विचारले, "मावशी, इथे पाहण्यासारखं काय आहे?"

मी म्हटले, "काही नाही रे. घारी खा, आईसाठी साडी घे आणि जा."

तो हसला नाही. "एकतीस वर्षं राहतेस ना इथे?"

लग्न होऊन आले तेव्हापासून उधना, लिंबायत आणि शाळा एवढीच माझी सुरत. रविवार होता. छोट्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि थेपले भरले आणि ती मीच पाठीवर अडकवली. साडीवर सॅक! शेजारीण पाहतच राहिली.

शटल रिक्षाने चौकबाजार गाठला. वाटेत गरम लोचो झाला. तापीकाठचा किल्ला पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर वाचवण्यासाठी खुदावंदखानाने १५४० ते १५४६ च्या दरम्यान बांधला. महापालिकेने त्याची छान डागडुजी करून आत संग्रहालय केले आहे. या किल्ल्याच्या बाजूने मी शेकडो वेळा गेले असेन, आत पाऊल टाकले ते त्या दिवशी.

तटावर उभी असताना आपल्या शाळेतला एक मुलगा आठवला. तेव्हा तो सातवीत होता. वडील लूमवर कामाला. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, शाळेत मराठी. शिवजयंतीची भाषणे संपल्यावर तो उठून म्हणाला होता, "मॅडम, सुरत लुटली तेव्हा आपण लुटणाऱ्यांत होतो की लुटले गेलेल्यांत?" वर्ग हसला. मी म्हटले, "खाली बस." आज कबूल करते, उत्तर येत नव्हते म्हणून त्याला बसवले.

१६६४ च्या जानेवारीत महाराज आले, तेव्हा मोगलांचा इथला अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला. शहराला भिंत होती ती मातीची. माणसे जीव मुठीत धरून तापीपार पळत होती. शाइस्तेखानाने तीन वर्षे पुण्यात तळ ठोकून मुलूख उजाड केला होता, त्याची भरपाई महाराजांनी मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल केली, हे आपण मुलांना सांगतो. ते खरेच आहे. पण त्या चार दिवसांत जळाली ती घरे काही केवळ विरजी व्होरांसारख्या धनवानांची नव्हती. हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारलेले नाही. माईकवरून भाषण करणाऱ्या मुलाच्या शेजारी कोण राहते, याचा विचारही केला नाही.

पुढे मुघलसराई. १६४४ ची, शाहजहानच्या काळातली, हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. आज तिथे महापालिकेचे मुख्यालय आहे. शाळेच्या कागदांसाठी मी तिथे किती वेळा गेले आहे! भाचा म्हणाला, "म्हणजे आमच्यासारख्या सॅकवाल्यांचं हॉटेल!"

दुपारी कतारगाम दरवाजाजवळची कब्रस्ताने पाहिली. आत जाताना मुलांनो, तुम्हीही चकित व्हाल. थडगी इंग्रजांची, पण घुमट, कमानी सगळे आपल्याकडच्या मकबऱ्यांसारखे. इथल्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ मध्ये वखार राखून बसला होता. तो १६६९ मध्ये सुरतेतच वारला. ख्रिस्तोफर हा भाऊ त्याआधी दहा वर्षे गेलेला. दोघे एकाच घुमटाखाली आहेत. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून आलेला हेन्री, त्याचेही आडनाव ऑक्झेंडन! हा धडा मी कितीदा शिकवला असेल, पण ते आडनाव आपल्या शाळेपासून एका रिक्षाच्या अंतरावर आहे, हे मला ठाऊक नव्हते. जवळच डच लोकांचे कब्रस्तान. त्यात व्हान रीडची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवला. विज्ञानाच्या शिक्षकांनी नोंद घ्यावी.

तिथल्या रखवालदाराने सॅक पाहून विचारले, "कहाँ से आए हैं?" भाचा म्हणाला, "इंदौर." मी एरवी तेच सांगते, मूळची इंदूरची. पण तोंडून निघाले, "मैं यहीं की हूँ, सूरत की." रखवालदाराने माझ्या पाठीकडे पुन्हा एकदा पाहिले. विश्वास बसला नसावा.

परतताना भाच्याला माझ्याकडची एक गोष्ट सांगितली. ज्यांचे व्याकरण १८३६ मध्ये छापले गेले, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (विभक्तीच्या चुका करताना मला त्यांचीच भीती वाटते) १८४० च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजींनी मिळून इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि भोळ्या समजुतींविरुद्ध बोलणारी ती सभा. एक मराठी मास्तर, एक गुजराती मास्तर.

सोमवारी त्या मुलाला बोलावले. आता तो आठवीत आहे. स्वतःचा प्रश्न तो विसरूनही गेला होता! मी आठवण करून दिली, किल्ल्यावर काय काय सुचले तेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, किल्ल्यात जायला पैसे लागतात का?"

लागतात. तेव्हा विश्वस्त मंडळाला विनंती की आठवीच्या मुलांच्या तिकिटांची सोय व्हावी. पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी निघू. तो प्रश्न तटावर उभे राहून पुन्हा विचारायचा आहे, आणि या वेळी कोणाला खाली बसवणार नाही. पालकांनी डबा आणि पाण्याची बाटली द्यावी. मुलांनी बूट घालूनच यावे. मी चपला घालून गेले होते, दोन दिवस टाचा दुखत होत्या.