मोडलेले चाक

मी अकरा-बारा वर्षांचा असताना व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीचा संक्षिप्त मराठी अनुवाद माझ्या हाती आला. मूळ कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक झाँ व्हालझाँ. बहिणीच्या उपाशी मुलांसाठी त्याने एक पाव चोरला. पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल शिक्षा वाढत गेली आणि त्याला १९ वर्षे कारावास घडला. पुढे नाव बदलून तो एका गावाचा सज्जन, लोकप्रिय नगराध्यक्ष झाला. एके दिवशी त्याला कळले, की दूर आरास शहरी भलत्याच माणसाला व्हालझाँ समजून न्यायालयापुढे उभे केले आहे. गप्प राहावे, तर निरपराध माणूस जन्मभर सक्तमजुरी भोगणार. खरे सांगावे, तर आपला सर्वनाश होणार!

रात्रभर मनाशी झगडून पहाटे तो निघाला. वाटेत दुसऱ्या गाडीची धडक बसून त्याच्या गाडीचे चाक मोडले. उद्यापर्यंत ते दुरुस्त होणार नाही, असे कारागिराने सांगितले. दुसरी गाडीही मिळेना. व्हालझाँला हायसे वाटले. आता दोष त्याचा नव्हता!

मलाही हायसे वाटले. इतक्यात हे बोलणे ऐकत उभा असलेला एक मुलगा धावत जाऊन एका म्हातारीला घेऊन आला. तिच्याजवळ एक मोडकळीस आलेला छकडा होता. मला त्या मुलाचा विलक्षण राग आला. पण क्षणभरातच मी ओशाळलो. एका निरपराध माणसाचे आयुष्य पणाला लागले असता, गाडी मिळू नये अशी इच्छा मी करीत होतो!

मोठेपणी मी संपूर्ण कादंबरी वाचली. छकडा निघताना तो मुलगा बक्षीस मागतो. एरवी सढळ हाताने दान करणारा व्हालझाँ त्याला झिडकारतो आणि घोड्याला चाबूक मारतो. त्याच्या अंतःकरणातील वेदना दाखविण्यास लेखकाला अश्रूंची गरज पडत नाही. तेवढे एक झिडकारणे पुरे होते.

पुढे न्यायालयात व्हालझाँ स्वतःची ओळख देतो. तो प्रसंग थरारक आहेच. परंतु नाट्याचा खरा उगम त्या मोडक्या चाकापाशी आहे. तेथे लेखक नायकाला थांबवितो आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही मोहात पाडतो. आजही ते पान वाचताना, त्या मुलाने धावत जाऊ नये, असे मला क्षणभर वाटते. आणि मी पुन्हा ओशाळतो.