वाघोटनच्या खाडीवरील विकाऊ होडी

मुंबई-गोवा महामार्गावर तळेरें येथें पश्चिमेस वळलें, म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटर गेल्यावर रस्ता समुद्रापाशीं येऊन संपतो. तें स्थळ विजयदुर्ग. पूर्वीं यासच घेरिया म्हणत. किल्ला पाहावयास येणारी मंडळी तट-बुरूज हिंडून, छायाचित्रें काढून सायंकाळच्या आंत परततात. परंतु या स्थळाचें खरें महत्त्व तटापेक्षां तटामागील पाण्यांत आहे. वाघोटन नदी येथें सागरास मिळते. कोंकणांतील पुष्कळ खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा दांडा सांचून मोठ्या गलबतांस मज्जाव होतो. येथें तसा दांडा नाहीं. पाणी खोल आहे, आणि भूशिराच्या आडोशामुळें भर पावसाळ्यांतहि तारवांस आश्रय मिळतो. निसर्गाच्या या देणगीमुळेंच येथें आरमार नांदलें.

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत इंग्रजांचें आरमार समुद्रावरून व पेशव्यांचें सैन्य जमिनीवरून तुळाजी आंग्र्यावर चालून आलें, तेव्हां आंग्र्यांचीं जहाजें याच बंदरांत जळालीं. त्याच वर्षीं किल्ला पेशव्यांकडे आला, व पुढें येथील आरमार धुळप घराण्याच्या हातीं गेलें. इतका इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. ज्याकडे सहसा कोणी वळत नाहीं अशी वस्तु किल्ल्यापासून खाडीनें थोडें आंत, गिर्ये गांवच्या हद्दींत आहे. ती म्हणजे मराठ्यांच्या आरमाराची गोदी. तिची योजना साधी आहे. भरतीबरोबर जहाज आंत घ्यावें, ओहोटीस पाणी उतरलें कीं त्याचा तळ उघडा पडावा, आणि सुतार-लोहारांनीं कामास लागावें. लढाईचे पोवाडे होतात. डागडुजीचा पोवाडा कोणी करीत नाहीं. परंतु डागडुजीवांचून आरमार टिकत नाहीं, हें ज्यांस कळत होतें त्यांनीं ही गोदी उभारली.

याच खाडीच्या कांठीं गेल्या मार्गशीर्षांत एका शिडाच्या होडीचा सौदा होतांना मला पाहावयास मिळाला. उंडीच्या झाडाखालीं, नारळीच्या झापांच्या छपरांत ती ओंडक्यांवर टेकवून ठेविली होती. लांबी सुमारें बारा हात. डोलकाठी किंचित् पुढें कललेली. शीड तिकोनी व सुती. तीन भावांच्या एकत्र कुटुंबाची ती मालमत्ता. धाकट्या दोघांनीं फायबरची, यंत्रावर चालणारी होडी घेतल्यापासून हिला दोन पावसाळे पाणी लागलें नव्हतें. "पुढल्या वर्षीं बघूं," असें म्हणतां म्हणतां दोन वर्षें गेलीं होतीं.

थोरल्या भावास सारे आबा म्हणत. त्यांनीं मला शिडाच्या व्यवहाराचें रहस्य थोडक्यांत सांगितलें. पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर बाहेर पडावें. दोन प्रहरीं खारा वारा समुद्राकडून वाहूं लागतो, त्यावर घरीं यावें. भूगोलाच्या तासाला हीं दोन नांवें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलीं, पण त्यांवर कुटुंबाचीं पोटें कशीं भरतात हें येथें कळलें.

होडी घेण्यास पलीकडच्या तीरावरील एक तरुण आला होता. सोबत त्याचा सुतार. त्या सुतारानें केलेली परीक्षा एखाद्या निष्णात वैद्यास शोभेल अशी होती. प्रथम त्यानें लांकडी ठोकळ्यानें एकेक फळी वाजविली. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, कुजकें बोद आवाज देतें. मग चाकूचें टोंक घेऊन तो होडीच्या पोटांत शिरला. खाऱ्या पाण्यानें लांकूड सहसा कुजत नाहीं. कुजतें तें कोनाकोपऱ्यांत सांचून राहिलेल्या पावसाच्या गोड्या पाण्यानें. म्हणून त्यानें सांधे व फासळ्यांच्या बुडाच्या जागा टोंचून पाहिल्या. लोखंडी खिळ्यांभोंवतीं लांकूड काळें पडलें होतें तेथें त्यानें खडूनें खुणा केल्या. डोलकाठीवर उभ्या भेगा होत्या, त्यांकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आडवी भेग मात्र कोठें नाहीं ना, हें बोट फिरवून तपासलें. फळ्यांच्या फटींतून ऊन आंत येत होतें. तें पाहून मला ती होडी निकामीच वाटली. पण सुतार हंसला. सुकलेलें लांकूड आकसतें. पाण्यांत ठेविलें कीं कांहीं दिवसांत फुगून फटी आपोआप मिटतात. उरतील त्यांत तेल-राळेचा कापूस ठासावयाचा.

खरा दोष निराळाच होता, आणि तो सुताराच्या हातास लागण्यापूर्वीं आबांनींच दाखविला. डोलकाठीचा पाय जेथें बसतो त्याच्या शेजारीं, सागाच्या फळ्यांमध्यें, पूर्वीं कधीं तरी आंब्याची एक फळी घातली होती. ती आंतून पोकळ झाली होती. शिडांत वारा भरला कीं त्याचा सारा जोर काठीच्या पायावर येतो. ती फळी तशीच राहिली असती, तर एखाद्या जोरकस वाऱ्यांत, किनाऱ्यापासून दूर, काठीचा पाय हलून तळ उघडला असता.

भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथांत नौकेच्या लांकडांचे हलकें-जड व मऊ-कठीण यांवरून चार वर्ग केले आहेत, आणि भिन्न वर्गांच्या लांकडांची मिसळ करून बांधलेली नौका टिकत नाहीं असें सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत सर्वांत लहान नौकेची लांबी सोळा हात दिली आहे, म्हणजे आमची ही होडी भोजराजाच्या गणतींतहि बसावयाची नाहीं! तथापि नियम लहानथोरांस सारखाच लागू पडला. तो ग्रंथ न वाचलेल्या त्या सुतारानें आंब्याच्या फळीवर हात ठेवून तेंच मत एका शब्दांत दिलें: "बेमेळ."

आदल्या दिवशीं याच फळीवरून घरांत वाद झाला होता, असें मागाहून कळलें. मधल्या भावाचें म्हणणें असें, कीं भुसा व राळ भरून वर तेलरंगाचा हात द्यावा; होडी देखणी दिसेल आणि चाळीस हजारांस जाईल. घेणारा काय तो पाहून घेईल. तपासणें हें त्याचें काम. आबांनीं तें मानिलें नाहीं. ते म्हणाले, "रंग घेणाऱ्यानं लावायचा, विकणाऱ्यानं नाही. रात्री-अपरात्री हिच्यात माणूस बसणार आहे." फळी उघड्यावर राहिली, आणि सौदा अठ्ठावीस हजारांस तुटला. बारा हजार रुपये त्या घरास थोडे नव्हेत. मधला भाऊ संध्याकाळीं जेवतांनाहि बोलत नव्हता, आणि त्याचें दुःख खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या मुलीची शाळेची फी द्यावयाची होती. एकत्र कुटुंबांत एकाच्या सचोटीची किंमत सर्वांनीं मिळून द्यावी लागते, ही गोष्ट अशा घरांत वाढलेल्या वाचकांस नवी नाहीं.

मीं आबांस विचारिलें, "इतका जीव होता, तर विकलीत कशाला?" त्यांनीं आपल्या बोलींत उत्तर दिलें, "होडी पाण्यात असा तवसर होडी. सुक्यार ऱ्हवली की लाकडां." पाण्यांत आहे तोंवर होडी, कोरड्यावर राहिली कीं नुसतीं लांकडें.

या वाक्यांत मला त्या जुन्या गोदीचा सारा अर्थ सांपडला. जहाज कोरड्यावर घ्यावयाचें तें दुरुस्तीसाठीं, आणि दुरुस्त करावयाचें तें परत पाण्यांत सोडण्यासाठीं. आमच्या घरोघरीं माळ्यावर वापरांतून गेलेल्या कितीतरी वस्तु ममतेच्या नांवाखालीं जपलेल्या असतात. सतारीच्या तारा गंजतात, शिवणयंत्राचें चाक अडतें, आजोबांच्या पोथ्यांस कसर लागते. आणि "वडिलांची आठवण आहे" म्हणून त्या वस्तूंस ना कोणी वापरतो, ना वापरणाऱ्याच्या हातीं देतो. दुरुस्त होण्याजोगी आहे तोंवर, दोष सांगून, वापरणाऱ्यास देणें हीहि ममताच आहे. किंबहुना आठवणीचा मान त्यांतच अधिक राहतो.

पौर्णिमेच्या मोठ्या भरतीस होडी पाण्यांत लोटली. आंब्याची फळी काढून तेथें सागाची बसविली होती. तरी पहिल्या दिवशीं होडी एवढी गळली, कीं दोघे जण डबे घेऊन सारखे पाणी उपसत होते. पांचव्या दिवशीं उपसणें जवळजवळ थांबलें. सहाव्या दिवशीं पहांटे मतलईवर तिचें तिकोनी शीड किल्ल्याच्या तटाखालून बाहेर पडतांना दिसलें. यंत्रांच्या दहा-बारा होड्या तिच्या आधींच खडखडत पुढें गेल्या होत्या. हिचा आवाज मात्र मुळींच येत नव्हता.