चालती कॅसेट

काँट्रा या व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट आमच्या घरी पहिल्यांदा आली ती साताऱ्यातल्या एका दुकानातून, दिवसाच्या भाड्याने. मे महिन्याची सुट्टी होती. दादा टीव्हीमागे जाऊन अँटेनाची वायर काढायचा, तिथे गेमची वायर खोचायचा आणि मी चित्र स्वच्छ होईपर्यंत चॅनेल ट्यून करत बसायचे. “पिक्चर ट्यूब जाईल हं,” असं आई आतून बजावत राहायची. कॅसेट चालली नाही तर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची.

टीव्हीला जोडायच्या त्या गेमयंत्राची वंशावळ मला पुष्कळ नंतर कळली. जपानच्या निंटेंडोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हे गेमयंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती. आमच्या पिढीच्या हाती आल्या त्या बहुतेक त्याच्या तैवानी-चिनी नकला. अस्सल कॅसेटही क्वचितच दिसायची. ‘९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असत. बाकी तोच मारिओ, तोच टँक, कधी पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारा, कधी जास्तीची लाइफ देणारा. तरी आम्ही ती यादी शेवटपर्यंत उलगडत जायचो.

काँट्रात तीस लाइफ मिळवायची युक्ती आमच्या आळीत प्रत्येकाला पाठ होती: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो १९८६च्या सुमारास ‘ग्रेडियस’ हा गेम फॅमिकॉमवर आणत होते. चाचणी घेताना तो त्यांनाच फार अवघड जाऊ लागला, म्हणून त्यांनी बटणांचा हा क्रम आत ठेवून दिला. पुढे तो काँट्रातही आला. जपानमधल्या एका प्रोग्रामरची ही सोय कोणत्याही पुस्तकावाचून, तोंडोतोंडी साताऱ्याच्या पोरांपर्यंत पोचली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नोकरीसाठी पुण्यात आले आणि संग्रह सुरू झाला तो मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. रविवारी किंवा बुधवारी गेलं की चार्जर, नळाच्या तोट्या, टीव्हीचे रिमोट यांच्या ढिगाऱ्यात कॅसेट सापडायच्या. विकणाऱ्याच्या लेखी तो भंगारच. तेव्हा या छंदाला लागायची ती चिकाटी. पैशांचा प्रश्न फारसा यायचा नाही. हळूहळू ते बदललं. विक्रेते मोबाईलवर भाव बघू लागले, ‘रेट्रो’ म्हणून जास्त पैसे मागू लागले. जुलै २०२१मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १९९६चा ‘सुपर मारिओ ६४’ पंधरा लाख साठ हजार डॉलरला गेला. त्याचं सील कधीच फोडलेलं नव्हतं, म्हणून त्याला ती किंमत आली. म्हणजे तो खेळ कुणी खेळलेलाच नव्हता आणि आता खेळणारही नाही. अशा जतनाशी माझं मन जुळत नाही. गेम चालू होतो, हात त्याला उत्तर देतात, तेव्हाच तो गेम असतो.

तो चालू ठेवायचा म्हणजे नुसती कॅसेट जपून भागत नाही. बदकं टिपायच्या ‘डक हंट’चंच घ्या. खेळण्यातल्या बंदुकीचा ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर हे त्या नेमक्या क्षणी घडतं. सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो, म्हणून बंदूक आंधळी होते. यासाठी माझ्या घरात एक जुना, जड टीव्ही अजून जागा अडवून आहे. फुंकरही मी सोडली; तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्या गंजवते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पुसायच्या, हे आता अंगवळणी पडलंय.

तरीही वस्तू झिजणारच. म्हणून आज या छंदातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम म्हणजे चिपमधला मजकूर वाचून त्याची प्रत काढणं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघा ४० किलोबाइटचा आहे. मोबाईलवरचा एखादा फोटोही त्याच्या कित्येक पट भरतो. इतकी लहानशी गोष्ट हरवू देणं अक्षम्य आहे. आणि हरवणं खरोखर चालू आहे: व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते.

तिथे निदान कुणी मोजतंय. आपल्याकडच्या त्या पिवळ्या, राखाडी, बिननावाच्या कॅसेटना लिलावात भाव नाही आणि त्या चोरीच्या होत्या म्हणून अधिकृत इतिहासात जागाही नाही. पण आपल्या गावागावांतल्या मुलांनी जे खेळलं ते हेच. कोणत्या कॅसेटवर कोणते गेम होते, मारिओचं चित्र कुणी कसं बदललं, लेबलवर कोणतं चुकीचं इंग्रजी छापलं, हा आपल्या बालपणाचा पुरावा आहे. म्हणून मी आता दुर्मीळ, महागड्या गेमच्या मागे जात नाही. कुणाच्या माळ्यावर अशी कॅसेट निघाली की ती मागून घेते, साफ करते, प्रत काढते, लेबलचा फोटो ठेवते आणि मालकाला ती चालती करून परत देते. कॅसेट त्यांच्या घरी राहो. प्रत राहिली आणि कुणाला तरी खेळता आलं, तर माझा संग्रह वाढला.