उतारावरील हिरवळ

दुर्गाघाटच्या मराठी घरांत गवताचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अठराव्या शतकात नारायण दीक्षितांनी हा घाट बांधविला, तेव्हापासून येथे दगडावर दगडच रचले गेले; वाड्याच्या चौकात मावते ती एक तुळस. गवत म्हणून आमच्या परिचयाचे काय, तर चतुर्थीला आणावयाची २१ दुर्वांची जुडी. अशा घरात वाढलेल्या माझ्या थोरल्या चुलतभावाने अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दीड एकराचे आवार असलेले घर घेतले, आणि तेथील गवत कापण्यास कोणते यंत्र घ्यावे हे मला विचारले. भाषांतर हा माझा व्यवसाय. दोन यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचून त्यांचा अर्थ काकूंना मराठीत सांगावयाचा होता. काकूंना यंत्राशी कर्तव्य नव्हते. त्यावर बसणाऱ्या, ५२ वर्षांच्या मुलाशी होते.

गंमत अशी की, दादाच्या अंगणात पसरलेले ते ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपली दुर्वाच. तिला तेथे खत घालतात, पाणी देतात आणि वाढली की कापतात!

गवत कापण्याचे यंत्र प्रथम इंग्लंडमधील एडविन बडिंग याने १८३० साली काढले. लोकरी कापडावरील लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली. दादापुढील दोन्ही यंत्रे मात्र वर बसून चालविण्याची होती. पहिले ‘झीरो-टर्न’. याला सुकाणूचक्र नसून दोन दांडे असतात, आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र गती मिळते. एक चाक पुढे व दुसरे मागे फिरविले की यंत्र जागच्या जागी गरकन वळते. पुढची चाके नुसती मोकळी, कार्यालयातील फिरत्या खुर्चीच्या चाकांसारखी. झाडांभोवती फिरण्यास यासारखे यंत्र नाही, आणि दादाकडे झाडे पुष्कळ. दुसरा ‘लॉन ट्रॅक्टर’. तो मोटारीप्रमाणे पुढच्या चाकांनी वळतो, वळणास अधिक जागा घेतो, झाडाच्या बुंध्याशी गवताचे कडे शिल्लक ठेवतो. परंतु मागे लहानशी गाडी जोडून माती वा पालापाचोळा वाहून नेतो. दादाचे मन अर्थातच पहिल्यावर जडले होते.

मी विचारले, जमीन सपाट आहे काय? उत्तर आले, वरची सपाट आहे, शेवटचा भाग तळ्याकडे उतरतो.

येथे पुस्तिकेतील इशाऱ्यांना निराळेच वजन आले. १५ अंशांहून अधिक उतारावर, म्हणजे १०० फुटांत सुमारे २७ फूट चढणाऱ्या जमिनीवर, असे यंत्र नेऊ नये, असे सामान्यतः सांगतात. काही यंत्रांना ही मर्यादा याहूनही कमी असते. झीरो-टर्नचे वळणे आणि थांबणे, दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर अवलंबून. ओल्या गवतावर ती चाके घसरू लागली की दांडे हातात असूनही यंत्र हातात राहत नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके थोडीफार दिशा धरतात, एवढाच त्याचा अधिकपणा. पाण्याच्या काठाशी तोही निर्धोक नव्हे.

काकूंना मी अंशांचे गणित सांगितले नाही. पुराचे पाणी ओसरल्यावर आपल्या पायऱ्यांवर गाळ बसतो, तो पंपाने धुऊन काढीपर्यंत तुम्ही कोणाला खाली उतरू देत नव्हता, तसेच हे, असे म्हटले. त्या तत्काळ उमजल्या. मग दादाशी त्यांचे दूरध्वनीवर जे बोलणे झाले, त्याचे भाषांतर करण्याची गरज पडली नाही.

अखेरीस दादाने ट्रॅक्टर घेतला. वेळ अधिक जातो, आणि बुंध्याशी राहिलेले गवत हाताने कापावे लागते, अशी त्याची कुरकुर असते. झाडे पाहता ती रास्तही आहे. उतार नसता तर मी स्वतः झीरो-टर्नच सुचविले असते. तळ्याकाठची पट्टी मात्र त्याने कापणेच सोडून दिले आहे. तेथे आता कंबरभर गवत माजले असून त्यात बदके शिरतात, असे काकूंनी कळविले आहे.